ज्याच्या-त्याच्या भाषेत : गोव्यातील पास्टोरल कौन्सिलांना एक खुले पत्र

प्रति,
गोवा व दमण महाधर्मप्रांतातील सर्व फिरगजांचे (एकेका चर्चच्या हद्दींचे) विगार (मुख्य धर्मगुरू) आणि त्यांना सल्ला देणाऱ्या पास्टोरल कौन्सिलांचे सभासद यांस,

आदरणीय फादर आणि कौन्सिलांतील बंधुभगिनींनो,

ईस्टरपासून मोजलेला पन्नासावा दिवस, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले त्याची आठवण करणारा पेंटेकॉस्टचा सण, आपल्या बहुतेक चर्चमध्ये आता एका ठरलेल्या रीतीने साजरा होतो. धर्मगुरू लाल वस्त्रे परिधान करतात, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला जातो आणि पुष्कळ ठिकाणी श्रद्धावंतांच्या प्रार्थना पाच-सहा भाषांत म्हटल्या जातात. आधी कोंकणी, मग इंग्रजी, एखादे वयस्कर गृहस्थ असतील तर पोर्तुगीज, त्यानंतर हिंदी, कन्नड आणि कधीमधी मराठी. मराठीतली प्रार्थना वाचण्याचे बोलावणे मलाही आलेले आहे आणि ती मी आनंदाने वाचली आहे. त्या रविवारी आपण जे करता त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या भाषा बोलणाऱ्या माणसांना सोमवारपासून आपल्या फिरगजेत कोणती जागा असते, एवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पिढ्यान्पिढ्या जाणाऱ्या घरातला. नोकरीमुळे गोव्यात आलो आणि मुरगाव तालुक्यात कायमचा राहिलो. माझी मुले माझ्यापेक्षा चांगली कोंकणी बोलतात आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) नोवेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, त्यांची हजेरी माझ्याहून अधिक असते. माझ्यापुरते बोलायचे तर मला या भूमीने सामावून घेतले आहे. परंतु मी शिकलेला, पगारदार आणि स्वतःचे घर असलेला माणूस आहे. ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या बैठकांत ती मांडायला त्यांच्यातले कोणी बसलेले नसते.

पहिल्या पेंटेकॉस्टच्या वर्णनातली एक गोष्ट वाचताना आपल्या नजरेतून सहज निसटते. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने तिथे जमलेल्या लोकांची लांबलचक यादी दिली आहे : पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियात राहणारे, यहूदिया, कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुलिया, मिसर, कुरेनेजवळचा लिबिया येथले, रोमहून आलेले, क्रेतीय आणि अरब. वाचन करणाऱ्याची जीभ दरवर्षी या यादीत अडखळते आणि ऐकणारे ती लवकर संपण्याची वाट पाहतात. हे सर्व लोक यहुदी किंवा यहुदी मत स्वीकारलेले होते आणि त्यांतले बरेचजण यरुशलेममध्ये वस्तीला होते असे लूकच सांगतो. बाजारहाट करण्यापुरती, मंदिरातले व्यवहार उरकण्यापुरती, शेजाऱ्याशी बोलण्यापुरती ग्रीक किंवा अरामी त्यांतल्या बहुतेकांना येत असणार. त्याशिवाय त्या शहरात त्यांचे पान हलले नसते. म्हणजे केवळ निरोप पोहोचवायचा असता तर एका भाषेत काम भागले असते. तरीही देवाने त्या दिवशी काटकसर केली नाही. प्रत्येकाला स्वतःच्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली आणि त्या गर्दीला आश्चर्य वाटले ते याचेच, की बोलणारे सगळे गालिली असून आम्ही आमच्या भाषेत कसे ऐकतो?

मराठी किंवा कन्नड मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचा, विषय मी जेव्हा जेव्हा कोणाकडे काढला, तेव्हा मला मिळालेले उत्तर जवळजवळ एकच होते : "त्यांना कोंकणी समजते की!" समजते, यात वाद नाही. मुकादमाने सांगितलेले काम समजते, घरमालकाने मागितलेले भाडे समजते, बाजारातला भाव समजतो. परंतु पापकबुलीसाठी गुडघे टेकलेल्या माणसाला जे बोलायचे असते, मूल गेलेल्या आईला जे ऐकायचे असते, मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याच्या ओठांवर जी प्रार्थना येते, ती कामापुरत्या शिकलेल्या भाषेतून येत नाही. यरुशलेममधल्या त्या परदेशस्थांनाही कामापुरते समजतच होते. पवित्र आत्म्याने त्यांना जे दिले ते कामापलीकडचे होते, आणि पेंटेकॉस्टचा सगळा अर्थ मला त्या पलीकडच्या दानात दिसतो.

पण भाषेपाशीच थांबलो तर हा सण अर्धाच समजला असे मी म्हणेन. दुसऱ्या अध्यायात एकाच दिवशी सुमारे 3000 लोकांचा बाप्तिस्मा होतो, ते सर्व काही समाईक ठेवतात, घरोघरी भाकरी मोडतात. आपल्या प्रवचनांत हे चित्र वारंवार येते. त्या समाजात पहिले भांडण कशावरून झाले हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणारे शिष्य इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर करू लागतात, कारण रोजच्या अन्नवाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत असे. प्रत्येकाने आपापली भाषा ऐकल्याच्या त्या दिवसानंतर फार काळ लोटलेला नसताना, ताटात वाढायची वेळ आली तेव्हा भाषेप्रमाणे वाढले जात होते. आत्मा उतरला म्हणून माणसांच्या सवयी आपोआप गेल्या नाहीत, ही गोष्ट लूकने झाकून ठेवली नाही याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

बारा प्रेषितांनी यावर जे केले ते कोणत्याही कौन्सिलने पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही, एकीला बाधा येते असे म्हटले नाही, आणि चौकशी समिती नेमून विषय लांबणीवरही टाकला नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती सोपवले. त्या सातांची नावे आपल्यासमोर आहेत : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी मत स्वीकारलेला, म्हणजे जन्माने यहुदीसुद्धा नव्हे. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या. आणि पुढे काय झाले ते पाहा. पंगतीत वाढण्यासाठी नेमलेला स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला, आणि त्याच कामासाठी नेमलेला फिलिप सुवार्ता घेऊन शोमरोनात गेला, गाझाच्या वाटेवर कूशी अधिकाऱ्याला भेटला. ख्रिस्तसभा यरुशलेमच्या बाहेर पडली ती या सातांमुळे. दुसऱ्या अध्यायातला चमत्कार सहाव्या अध्यायात व्यवस्थेत उतरला नसता, तर तो त्या सकाळपुरता उरला असता.

या सणाचे मूळही याच दिशेने बोट दाखवते. इस्राएल लोकांचा सप्ताहांचा सण हा गव्हाच्या कापणीचा सण होता. वल्हांडण सणानंतर सात आठवडे मोजून नव्या पिठाच्या दोन भाकरी परमेश्वरापुढे आणायच्या असा नियम बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आहे. त्या नियमाला जोडूनच, 22व्या वचनात, अचानक वेगळीच आज्ञा येते : शेताच्या कडेकोपऱ्यातले पीक कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परदेशीयांसाठी राहू द्या. उपासनेच्या नियमांत ही आज्ञा कशी आली, असा प्रश्न अभ्यासकांना पडो. मला तरी ती योग्य जागी वाटते. यहुदी लोक आजही या सणाला रूथची कथा वाचतात, आणि रूथ ही सरवा वेचून पोट भरणारी, सीमेपलीकडून आलेली मवाबी बाई होती. पुढे तिच्याच वंशात दावीद जन्मला, आणि मत्तयने येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहून ठेवले.

गोव्यात हे सगळे दूरचे वाटू नये. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त म्हणजेच आपले पुरुमेंताचे फेस्त. पावसाळ्याआधीची बेगमी करायला सारा सालसेत तालुका तिथे लोटतो : सुकी मासळी, मिरच्या, कांदे, आमसुले, मसाले, मडकी, खाटल्याच्या दोऱ्या. चर्चच्या आवारालगतच्या त्या बाजारात कोंकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी एकमेकींत मिसळून ऐकू येतात आणि कोणालाही त्याचा त्रास होत नाही, कारण घेणाऱ्याला मिरची हवी असते आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक. पवित्र आत्म्याच्या नावाने भरणाऱ्या बाजारात जे सहज घडते, ते त्याच नावाच्या चर्चच्या आत घडायला आपल्याला इतके अवघड का जावे?

आता आपल्या फिरगजांतली माणसे पाहू. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती. त्यांतले सुमारे 66 टक्के लोक मातृभाषा म्हणून कोंकणी सांगत होते, मराठी सुमारे 11 टक्के, हिंदी 10 टक्क्यांच्या आसपास आणि कन्नड पाच टक्क्यांच्या जवळ. ख्रिस्ती लोक एकूण लोकसंख्येच्या सुमारे 25 टक्के होते. बाहेरून आलेल्यांपैकी ख्रिस्ती किती, याचा हिशेब चर्चच्या दप्तरात असायला हवा, आणि तो करण्याची विनंती मी पुढे करणारच आहे. परंतु डोळ्यांना जे दिसते ते नाकारता येणार नाही. ट्रॉलरवर काम करणारे झारखंड आणि ओडिशाचे तरुण, ज्यांच्या गावात सादरी आणि कुडुख भाषेत भक्तिगीते गायिली जातात. बेळगाव आणि धारवाडकडून बांधकामावर आलेली कन्नड कुटुंबे. आमच्या श्रीरामपूर-संगमनेरकडून कारखान्यांत, इस्पितळांत, शाळांत नोकरीला आलेले मराठी लोक. घरकाम करणाऱ्या बाया, हॉटेलांत भांडी घासणारी पोरे. यांतले अनेकजण मिस्सेला मागच्या दारापाशी उभे राहतात आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जातात. ट्रॉलरवरच्या मुलांचे तर आणखी एक दुर्दैव आहे. 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि ती गावाकडच्या गाडीत बसतात, त्यामुळे पुष्कळ वर्षी पेंटेकॉस्टच्या बहुभाषिक प्रार्थनेच्या वेळी ती भाषा बोलणारेच जागेवर नसतात.

ही माणसे आपल्या फिरगजेची आहेत की पाहुणी आहेत, याचा निर्णय कौन्सिलांच्या मर्जीवर सोडलेला नाही. चर्चच्या कायदासंहितेचा नियम 102 सांगतो की एखाद्या फिरगजेच्या हद्दीत तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेला माणूस तिथला उपनिवासी ठरतो, आणि नियम 107 सांगतो की निवासी आणि उपनिवासी या दोघांनाही त्या हद्दीचा विगार हाच त्यांचा विगार होय. ज्याला कुठेच घर नाही, त्याचा विगारसुद्धा तो सध्या जिथे असेल तिथलाच. नियम 518 भाषेच्या आधारावर वेगळी फिरगज स्थापण्याची मुभा देतो. एवढे मी मागत नाही. परंतु ज्या कायद्यात एवढी सोय आहे, त्या कायद्याच्या आधारे महिन्यातून एक मिस्सा मागणे हे आगाऊपणाचे कसे ठरते?

एक प्रसंग सांगतो, फिरगजेचे नाव घेत नाही, कारण दोष तिथल्या कोणा एकाचा नव्हता. बांधकामावर काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका माणसाचा मृत्यू झाला. त्याला चर्चच्या सिमितेरीत पुरण्यासाठी त्याच्या बायकोकडे गावच्या चर्चचे पत्र मागण्यात आले, मग वर्गणीच्या पावत्या मागण्यात आल्या, मग जागा आमच्याच लोकांना अपुरी आहे असे समजावण्यात आले. शेवटी एका सहृदय विगारांच्या मध्यस्थीने शेजारच्या फिरगजेत जागा मिळाली. ती बाई कोंकणी समजणारी होती. तिला जे सांगितले गेले ते सगळे तिला नीट समजले. नियम 1180 म्हणतो की फिरगजेची स्वतःची दफनभूमी असेल तर तिथल्या मृत श्रद्धावंतांना तिच्यातच पुरावे. जागेची अडचण खरी आहे, गोव्यासारख्या लहान राज्यात ती आणखी तीव्र आहे आणि पावसाळ्यात तर फारच. तरीही अडचण सर्वांत आधी कोणाच्या वाट्याला येते हे पाहिले की प्रेषितांच्या काळातल्या विधवांची आठवण होते.

मुलांच्या धर्मशिक्षणाचीही तीच कथा आहे. स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकतात, कारण त्याच त्यांना जवळच्या आणि परवडणाऱ्या असतात. रविवारी दोत्रीनीला ती मुले येतात तेव्हा पुस्तक एकतर इंग्रजीत असते किंवा रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत. देवनागरी वाचणारे दहा वर्षांचे पोर तिथे पहिलीतल्या मुलासारखे गप्प बसते, आणि पुढच्या वर्षी येत नाही. मराठीतली धर्मशिक्षणाची पुस्तके, प्रार्थनासंग्रह आणि मिस्सेची मान्यताप्राप्त संहिता नव्याने तयार करायची गरज नाही. पुणे, नाशिक आणि वसई धर्मप्रांतांत ती वर्षानुवर्षे वापरात आहे. तेरेखोल नदी ओलांडली की सिंधुदुर्ग धर्मप्रांत लागतो, जो 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. अडचण पुस्तकांची असती तर ती एका सकाळच्या प्रवासात सुटली असती.

मग अडचण कशाची आहे? मला वाटते ती भीतीची आहे, आणि त्या भीतीला मी क्षुल्लक मानत नाही. गोव्यात मराठी ही केवळ शेजारची भाषा नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही हा प्रश्न होता, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाने आपले वेगळेपण टिकवण्यासाठी मोठ्या निर्धाराने विलीनीकरणाच्या विरोधात मत दिले. 1987 च्या राजभाषा कायद्यापर्यंतची चळवळ, त्या काळातला हिंसाचार, देवनागरी कोंकणीला मिळालेले स्थान आणि रोमी लिपीला न मिळालेले, हे सगळे आपल्या स्मरणात ताजे आहे. त्यामुळे चर्चमध्ये मराठी मिस्सा हवी असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला त्यात जुन्या मागणीचा वास येतो. त्यात बाहेरच्यांच्या लोंढ्याची, विकल्या जाणाऱ्या जमिनींची आणि कोंकणीच्या भवितव्याची चिंता मिसळते. ही चिंता रास्त आहे आणि कोंकणी ही या महाधर्मप्रांताच्या उपासनेची मुख्य भाषा राहिली पाहिजे, असे माझेही मत आहे. आम्हाला राजभाषा नको आहे. भिंतीपलीकडे राहणाऱ्या आजारी माणसाला त्याला कळणाऱ्या शब्दांत अभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून केलेली प्रार्थना) मिळावे, एवढ्यापुरती आमची मराठी आहे, आणि कन्नड व सादरी बोलणाऱ्यांचेही मागणे तेवढेच आहे. "घाटी" आणि "भायले" (बाहेरचे) हे शब्द चर्चच्या पायऱ्यांवर ऐकू येतात तेव्हा मात्र ती भीती भीती राहत नाही, तिचे दुसरे काहीतरी होते.

खरे पाहता परक्या गावात आपल्या भाषेची मिस्सा मिळणे म्हणजे काय, हे गोव्यातल्या माणसाला दुसऱ्याने सांगण्याची गरजच नाही. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहांमध्ये, गावोगावच्या गोवेकर खलाशांनी वेदी मांडून कोंकणीत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हटली. आज कुवेतमध्ये, दुबईत, इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये कोंकणी मिस्सा होतात, त्या तिथल्या गोवेकरांनी मागून, पाठपुरावा करून मिळवल्या आहेत. तिथल्या धर्मगुरूंनी "तुम्हाला इंग्रजी समजते की" असे म्हणून त्यांना परत पाठवले असते, तर आपल्याला कसे वाटले असते? आपल्या कौन्सिलांत बसणाऱ्या कित्येकांची मुले आज तिकडे आहेत आणि त्या मिस्सांना जातात.

या भूमीचा इतिहासही आपल्याला दोन्ही बाजू दाखवतो. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विट (येशूसंघाच्या) धर्मगुरूने सालसेतमध्ये आयुष्य घालवले आणि नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. पुराण ऐकत वाढलेल्या माणसांना त्यांच्या कानाला ओळखीच्या छंदात तारणाची कथा मिळावी, हा त्याचा विचार होता. त्या काळच्या धर्मांतरांच्या इतर पद्धतींविषयी मला बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते या पत्रात नको. त्यानंतर सत्तर वर्षेही झाली नाहीत तोच, 1684 मध्ये, व्हाइसरॉयच्या हुकुमाने इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावण्यात आले. तो हुकूम पूर्णपणे अमलात आला नाही म्हणून कोंकणी वाचली. स्टीफन्सला पेंटेकॉस्टचा अर्थ कळला होता आणि हुकूम काढणाऱ्यांना तो कळला नव्हता. आपल्या प्रत्येकाला या दोघांपैकी एकाच्या बाजूला उभे राहावे लागते, मग तो प्रश्न रविवारच्या मिस्सांच्या वेळापत्रकासारखा किरकोळ का दिसेना.

मराठी वाचकांसाठी, आणि कौन्सिलांसाठीही, आणखी एक आठवण महत्त्वाची आहे. 1905 मध्ये पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आत्म्याच्या संचाराची जी लाट आली, ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या 1906 च्या सभांच्या आधीची आहे. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात अझुसा स्ट्रीटचे नाव मोठे असले तरी अभ्यासक आता केडगावचेही नाव घेतात. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्या अनुभवावर लिहिलेले पुस्तक चिलीपर्यंत पोहोचले आणि 1909 मध्ये तिथे झालेल्या जागृतीला त्याने चालना दिली. मला इथे महत्त्वाची वाटते ती केडगावची माणसे. त्या बालविधवा होत्या, दुष्काळात उचलून आणलेल्या पोरी होत्या; समाजाने ज्यांना ओवाळून टाकले होते त्या मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. योएल संदेष्ट्याचे जे वचन पेत्राने पहिल्या पेंटेकॉस्टला उच्चारले, त्यात मुलगे आणि मुली आहेत, तरुण आणि म्हातारे आहेत आणि शेवटी दास-दासीही आहेत. आत्मा कोणाच्या तोंडून बोलेल हे ठरवण्याचा अधिकार त्या वचनाने कोणत्याही कौन्सिलकडे ठेवलेला नाही.

आपल्या बैठकांत "आमचे लोक बिलिव्हर्सकडे जातात", म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरच्या प्रार्थना-गटांकडे जातात, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. जाणाऱ्यांत स्थलांतरित पुष्कळ असतात, हेही खरे आहे. त्यांच्या शिकवणुकीशी माझे मतभेद आहेत आणि त्यांतले काही गंभीर आहेत. पण भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या त्या सभेत आलेल्या नवख्या माणसाला कोणीतरी नाव विचारते, त्याच्या भाषेत त्याच्यासाठी प्रार्थना करते आणि पुढच्या आठवड्यात खुर्च्या मांडण्याचे का होईना, काहीतरी काम त्याच्यावर सोपवते. आपल्याकडे तो दहा वर्षे मिस्सेला येऊनही फेस्ताच्या समितीत नसतो, वाचकांच्या यादीत नसतो, आणि आपल्या वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायाची बैठक त्याच्या भाड्याच्या खोलीत कधी होत नाही, कारण ती खोली लहान असते. एकेकाळी अनेक कोंफ्रारींचे (चर्चमधल्या बंधुमंडळांचे) सभासदत्व जातीवर ठरत असे आणि ती प्रथा मोडायला चर्चला पिढ्यान्पिढ्या झगडावे लागले. नव्या नावाने तसेच एक कुंपण उभे राहू नये, एवढी काळजी आपण आताच घेऊ शकतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की येत्या पावसाळ्यानंतर, ट्रॉलर पुन्हा समुद्रात गेल्यावर आणि बांधकामे सुरू झाल्यावर, प्रत्येक फिरगजेने आपल्या हद्दीत राहणाऱ्या स्थलांतरित ख्रिस्ती कुटुंबांची आणि एकट्या कामगारांची नोंद करावी, त्यांची भाषा लिहून घ्यावी आणि तीन महिने राहिलेल्या प्रत्येकाला फिरगजेच्या नोंदवहीत स्थान द्यावे. ही नोंद पोलिसांसाठी किंवा भाडेकरूंच्या पडताळणीसाठी नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले जावे, कारण नाव लिहून घेणाऱ्या माणसाला ते लोक बिचकतात आणि त्यांचे बिचकणे अकारण नाही.

दुसरी विनंती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढच्या वेळी कौन्सिलची पुनर्रचना होईल तेव्हा स्थलांतरितांमधून निवडलेली किमान दोन माणसे तिच्यात असावीत, त्यांतली एक बाई असावी, आणि त्यांची निवड त्यांच्याच लोकांनी करावी. आर्थिक कौन्सिलमध्येही त्यांच्यातले एकजण असावे, कारण यरुशलेममध्ये भांडण प्रार्थनेवरून झाले नव्हते, वाटपावरून झाले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये रोमला आटोपलेल्या सिनॉडच्या (चर्चच्या जागतिक धर्मसभेच्या) अंतिम दस्तऐवजाने अशी मंडळे सर्वत्र सक्तीची करावीत असा आग्रह धरला आहे आणि त्यांत स्त्रिया, तरुण आणि काठावर राहणाऱ्यांना अधिक वाव मागितला आहे. तेव्हा मी काही नवे मागत आहे असे कोणी म्हणू नये. ही माणसे बैठकीत चुकीचे बोलतील, उशिरा येतील, कामाच्या पाळीमुळे गैरहजर राहतील. बैठकीची वेळ त्यांच्या पाळीनुसार बदलता येते.

मिस्सेविषयी माझा आग्रह माफक आहे. प्रत्येक फिरगजेत प्रत्येक भाषेची मिस्सा शक्य नाही आणि धर्मगुरूंची संख्या पाहता ती मागणे अन्यायाचे होईल. वास्को, मडगाव, म्हापसा, पणजी आणि फोंडा अशा ठिकाणी महिन्यातून एकदा मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि मच्छीमारांच्या जेटींजवळ हंगाम सुरू होताना व संपताना हिंदीत किंवा सादरीत मिस्सा व पापकबुलीची सोय व्हावी. जिथे हे आधीच होते तिथे त्याची वेळ चर्चच्या फलकावर त्या भाषेत लिहिली जावी. देवनागरी वाचणाऱ्या मुलांसाठी दोत्रीनीचा एक वर्ग असावा; शिकवणारे आमच्यात सापडतील, मीही त्यांत आहे. सिमितेरीच्या नियमांची एक प्रत साध्या भाषेत सर्वांना मिळावी आणि मृत्यूच्या दिवशी कोणत्याही बाईला पावत्या दाखवाव्या लागू नयेत.

या पत्राची प्रत मी माझ्या स्वतःच्या विगारांना आधी दिली आहे आणि त्यांच्याशी बोलूनच ते प्रसिद्धीस देत आहे. कौन्सिलांकडून लेखी उत्तर आले तर उत्तमच. पण त्याहून मला हे आवडेल की आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला जावा आणि त्या दिवशी आपल्या हद्दीतल्या एखाद्या ट्रॉलरवरच्या मुलाला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला बोलावून, तिच्या भाषेत बोलू देऊन, तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जावे. दुभाषी लागला तर मराठीसाठी मी येईन. कन्नड आणि सादरीसाठी लागणारी माणसे आपल्याच चर्चच्या मागच्या दारापाशी उभी आहेत.

आपला ख्रिस्तामधील बंधू,
मुरगाव तालुक्यातील एक मराठी भाषिक कॅथलिक